बेळगावात दोस्तांबरोबर: जत्रा, मिरवणुका आणि आउटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावातल्या शहापूरचा. आमचा कट्टा सहा जणांचा. त्यातले दोघं नोकरीसाठी पुण्याला गेले, एक मैत्रीण लग्न होऊन कोल्हापूरला. गेले तिघं, पण त्यांच्या ऑफिसातली, सासरची, शेजारची माणसं वर्षभर आमच्याकडे येत असतात आणि येण्याआधी फोनवर तेच तेच प्रश्न विचारतात. एकदा लिहून ठेवलं की पुढच्या वेळी नुसतं पाठवता येईल, एवढाच हेतू.

बेळगावला यायचं तर कधी?

आधी हे सांगा, गर्दीत शिरायचंय की गर्दी चुकवायचीय? शिरायचं असेल तर अनंत चतुर्दशी, वैशाखातली शिवजयंती आणि दिवाळीचा पाडवा. चुकवायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा रविवार. हवा थंड, ऊन कोवळं, आणि आजूबाजूच्या खेड्यांत काही ना काही चाललेलं असतंच.

डिसेंबरात मात्र आधी लॉजला फोन करा, मग तिकीट काढा. सुवर्णसौध ही विधानभवनाची इमारत २०१२ साली उभी राहिल्यापासून कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तिथं भरतं. त्या दिवसांत आमदार, अधिकारी, बंदोबस्ताचे पोलीस आणि मोर्चे घेऊन येणारे लोक यांनी शहर भरून जातं. एक नोव्हेंबरलाही फिरायला येऊ नका. एकीकडे राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनाची मोठी मिरवणूक, दुसरीकडे बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाची, मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी. पाहुण्यानं त्या दिवशी बाहेर पडून रस्त्यावर अडकण्यापलीकडे काही होत नाही.

शिवजयंती तर १९ फेब्रुवारीला असते ना? मग तुम्ही एप्रिल-मे म्हणता ते काय?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी कुणीतरी फेब्रुवारीत रजा टाकून येतं. आमच्याकडे मोठी शिवजयंती जुन्या परंपरेप्रमाणे वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. पोरं गडावरून शिवज्योत घेऊन रात्रभर पळत येतात, सकाळी गल्लीत ज्योतीचं स्वागत होतं, पाळणा म्हणतात. पण ज्यासाठी लोक लांबून येतात ती चित्ररथ मिरवणूक त्यानंतर एखाद्या रात्री निघते. तिची तारीख मध्यवर्ती मंडळ ठरवतं, म्हणून नुसतं कॅलेंडर बघून येऊ नका, इथल्या कुणाला तरी विचारा.

चित्ररथ म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्यावर उभारलेला गड किंवा दरबार, मागं जनरेटर, आणि वर गल्लीतलीच पोरं मावळे होऊन उभी. मे महिन्याचा उकाडा, अंगात जरीचा अंगरखा, हनुवटीला डिंकानं चिकटवलेली दाढी. एका वर्षी आमच्या शेजारचं पोरगं बाजीप्रभू झालं होतं. त्याची आई ट्रॉलीच्या कडेकडेनं चालत होती, हातात पाण्याची बाटली आणि तिच्यात स्ट्रॉ. घोटाघोटानं पाजायची, दाढी ओली होऊन सुटू नये म्हणून. खिंड लढवणारा बाजीप्रभू मान तिरकी करून स्ट्रॉनं पाणी ओढतोय, हे बघितल्यापासून मला भव्य देखाव्यांपेक्षा ट्रॉलीच्या कडेनं चालणारी माणसंच जास्त बघावीशी वाटतात.

पुण्याचे गणपती बघितलेत. बेळगावचे वेगळे काय?

वेगळं असं सांगायचं तर इथला गणपती अजून गल्लीचा आहे. १९०५ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेनं झेंडा चौकात पहिला सार्वजनिक गणपती बसला, तिथून ही परंपरा चालत आलीय. आज शहरात गल्ली तिथे मंडळ. मूर्ती बघायला रात्री चालत निघायचं. गाडी कॉलेज रोडच्या अलीकडेच कुठंतरी लावा आणि विसरून जा. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार, मग रेल्वे पुलाच्या पलीकडे शहापूर. मध्ये भूक लागली तर मिरची भजी आणि चिरमुरे कुठंही मिळतात.

विसर्जनाची मिरवणूक हुतात्मा चौकातून संध्याकाळी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते. शेवट कपिलेश्वर तलावावर. सगळी बघायचा हट्ट करू नका. रात्री नऊ ते बारा आणि मग पहाटे पाचनंतर तलावापाशी, एवढं पुरे. रात्री दहानंतर लाउडस्पीकरचा नियम आहे, काही मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, त्यानंतर मात्र झांज, ढोल आणि घसा. माझं मत विचाराल तर तिथून पुढेच मिरवणूक ऐकण्यासारखी होते.

आम्हाला नाचायचंय. पण ओळख कुणाची नाही, कुणाच्याही पथकात शिरलं तर चालेल का?

नाही. आणि या सगळ्या पानातलं मला खरं सांगायचंय ते इथंच. बेळगावात कुठल्याही सणाला तिकीट नसतं, पास नसतो, पण प्रत्येक सणाला गल्ली असते. अमक्या गल्लीचे पाहुणे म्हणून गेलात तर तुमच्या डोक्याला फेटा बांधतील, हातात झांज देतील, जेवल्याशिवाय सोडणार नाहीत. ‘असंच बघायला आलोय’ म्हणून मध्येच घुसलात तर कुणी हाकलणार नाही, पण कुणाच्या डोळ्यांतही तुम्ही भरणार नाही, आणि तुमची चप्पल हरवली तर शोधायलाही कुणी येणार नाही.

ओळख काढणं काही अवघड नाही. दुपारी मंडपात जा. आरतीला थांबा. कुणीतरी विचारतंच, “कुठलं वो तुम्ही?” गाव सांगितलं की पुढचा प्रश्न “तिथं आमचे पाहुणे हायत की!” हा असतो. झाली ओळख. वर्गणीची पावती फाडायची असेल तर फाडा; कुणी मागणार नाही, पण दिली की तुमचं नाव माइकवरून गावाच्या नावासकट पुकारलं जातं, आणि ते ऐकायला बरं वाटतं हे मी माझ्या अत्यंत गंभीर स्वभावाच्या पुणेरी मित्राच्या चेहऱ्यावरून सांगतो.

आम्ही चौघी मैत्रिणीच येणार आहोत. काय बघावं?

नवरात्रात या आणि पहाटे उठा. दुर्गामाता दौड हा प्रकार तुम्ही बघितला नसेल. रोज पहाटे वेगळ्या भागातून, पांढरे कपडे आणि भगवे फेटे घातलेली शेकडो माणसं ध्वजामागून धावत निघतात. बायका त्याआधीच उठून अंगणात, म्हणजे आमच्याकडे रस्त्यावरच, रांगोळ्या घालतात, पताका लावतात, ध्वज दारात आला की ओवाळतात. ज्या दिवशी दौड ज्या गल्लीतून जाणार, ती गल्ली आदल्या रात्री झोपतच नाही. तुम्ही रात्री त्या गल्लीत कुणाकडे उतरलात तर तुमच्याही हातात रांगोळीचा डबा येईल.

विसर्जनाच्या रात्री मात्र रस्त्यावर उभ्या राहण्यापेक्षा कुणाच्या तरी माडीवर जागा बघा. मार्गावरच्या घरांत त्या रात्री दार बंद नसतं. चहा, उपीट आणि खिडकी तीन्ही मिळतात.

कन्नड येत नाही. अडेल का?

बेळगाव, खानापूर, निपाणी, येळ्ळूर, कडोली या भागांत मराठीवर आरामात चालतं. बाजारात दुकानदार तुमचं तोंड बघून भाषा निवडतो, कधी एकाच वाक्यात दोन्ही वापरतो. अडतं ते दोन ठिकाणी. एक, बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, तेव्हा वाचत बसू नका, कंडक्टरला गावाचं नाव सांगून विचारा. दोन, गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल बाजूला गेलात तर चार शब्द हाताशी असावेत: ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘बेडा’ म्हणजे नको, आणि पंगतीत सगळ्यांत महत्त्वाचा ‘साकु’, म्हणजे पुरे. ‘साकु’ तीनदा म्हणावं लागतं. पहिल्या दोन वेळा वाढपी ते ऐकूच घेत नाहीत. आमचं अर्धं मित्रमंडळ कन्नड घरातलं आहे. त्यांच्याकडे बसवजयंतीला आम्ही जेवतो, ते आमच्या गणपतीला झांज वाजवतात. पेपरात जे वाचता ते खोटं नाही, पण कट्ट्यावर कुणी ते घेऊन बसत नाही.

खेड्यातली महालक्ष्मी यात्रा म्हणजे काय? दरवर्षी असते का?

नसते, म्हणून तर तिचं एवढं वेड असतं. एकेका गावची यात्रा पाच वर्षांनी, बारा वर्षांनी, काही गावांत चोवीस वर्षांनी भरते. यात्रा आली की गावात वर्षभर आधीपासून घरांना रंग लागतात, पुण्या-मुंबईत असलेली पोरं रजेचे अर्ज टाकतात, लेकी-जावयांना बोलावणी जातात. बारा वर्षांपूर्वीच्या यात्रेत मांडीवर असलेलं पोर या यात्रेत भंडारा उधळत असतं. गावाचा हिशोबच यात्रेनं होतो. “ही गेल्या यात्रेच्या आधीची सून”, “ते घर मागच्या यात्रेनंतर बांधलं” असं माणसं बोलतात.

क्रम साधारण असा. पहाटे किंवा मुहूर्तावर देवीचा विवाह, म्हणजे अक्षतारोपण. सगळ्या गावाच्या हातात अक्षता. मग होन्नाट: देवीला खांद्यावर घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून नाचवतात आणि वरून एवढा भंडारा पडतो की रस्ता, गटार, माणसं, म्हशी, उभ्या केलेल्या गाड्या सगळं पिवळं. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. भंडारा लेन्समध्ये गेला की दुरुस्तीवाला सुद्धा ‘कुठल्या गावची यात्रा?’ असंच विचारतो. पुढे रथ, मग देवी गदगेवर, म्हणजे तिच्या बैठकीवर बसते, ओट्या भरायला रांगा लागतात, आणि शेवटच्या दिवशी देवी गावाच्या सीमेकडे जाते. तो निरोप बघताना बोलू नका. भंडाऱ्यात नाचलेली तीच धिप्पाड माणसं तिथं रडत असतात.

जेवण? यात्रेच्या गावात हॉटेल शोधणं हा त्या गावाचा अपमान आहे. ज्या घरात पाऊल टाकाल तिथं पान मांडलं जातं. सुरुवातीचे दिवस गोडाचे, नंतर मटणाचे. एका घरी जेवून दुसऱ्याकडे ‘जेवलोय’ म्हणून सांगितलं तर ‘तिथं जेवलात, आमच्यात काय वाईट हाय?’ हे ऐकावं लागतं. त्यामुळे पहिल्या घरी अर्धपोटीच उठायचं, हे अनुभवाचं.

मंगाईची यात्रा ऐकलीय, ती कुठली?

वडगावची. आषाढात, मंगळवारी, भर पावसात. त्याआधी भागातले लोक ‘वार’ पाळतात, त्या दिवशी कामं बंद ठेवतात. वडगाव-शहापूर हा विणकरांचा भाग, एरवी दिवसभर मागांचा खडखडाट. वाराच्या दिवशी गल्ली इतकी शांत असते की पाहुण्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं. यात्रेत नारळ, ओटी आणि चिखल. छत्री नको, रेनकोट घ्या.

भाकणूक ऐकायला कुठं जातात?

निपाणीजवळ कुर्ली-आप्पाचीवाडीला, हालसिद्धनाथांच्या यात्रेत. दसरा झाला की दिवाळीच्या आधी. ढोलांचे वालंग, उंच छत्र्या, भंडारा, आणि शेवटी नाथांची भाकणूक: पाऊस कसा होईल, कुठलं पीक पिकेल, राजकारणात कोण कुणाला फसवेल. कोल्हापूर-सांगलीहून हजारो लोक अंधारात, थंडीत, जमिनीवर बसून ऐकतात. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी जातो ते ढोलांसाठी. पन्नासेक ढोल एकाच वेळी थांबतात, तेव्हा कानात जी शांतता येते तिच्यासाठी दोन तास बसची वाट बघायला हरकत नाही.

माघी पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा आणि रायबाग तालुक्यातल्या चिंचलीची मायाक्का, शिवाय कागवाडकडे मंगसुळीचा खंडोबा, ही आणखी मोठी ठिकाणं. पण ती दोस्तांबरोबर मजा म्हणून जायची नव्हेत. घरच्यांबरोबर, नवस फेडायला जाणाऱ्यांच्या बैलगाडीतून किंवा ट्रॅक्स ठरवून जायची. तिथं ग्रुप फोटोची घाई करणारी माणसं डोळ्यांत खुपतात.

पावसाळ्यात धबधबे बघायला येतोय. पाच-सहा जागा सांगा.

पाच-सहा नाही सांगणार. गोकाकला जा. घटप्रभा नदी तिथं सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, जुलै ते सप्टेंबर पाणी गढूळ आणि प्रचंड असतं, रस्ता थेट जातो, पलीकडे जाणारा जुना झुलता पूल आहे (दुरुस्तीसाठी कधी बंद असतो, तेव्हा हिरमुसू नका). इंग्रजांच्या काळातली गिरणी शेजारीच. परत येताना करदंट, म्हणजे तिथली गूळ-सुक्यामेव्याची मिठाई घ्या.

खानापूर-जांबोटी-कणकुंबी बाजूच्या जंगलातल्या धबधब्यांचं मात्र वेगळं आहे. तिथले व्हिडिओ बघून लोक निघतात आणि पावसाळ्यात वनखातं वाट बंद करतं. भीमगड अभयारण्य २०११ पासून संरक्षित आहे, अस्वलं आहेत, ओढे अर्ध्या तासात चढतात. आम्ही कॉलेजात असताना एकदा शहाणपणा केला होता. सहा जण, तीन गाड्या, जुलै. नाक्यावर परत फिरा म्हणून सांगितलं, तर आम्ही गावातल्या एका वाटेनं वळसा घालून आत शिरलो. तासाभरानं जो ओढा गुडघाभर पाण्यातून पार केला होता, तो कमरेच्या वर गेला. दोन गाड्या पलीकडे ठेवून, एकमेकांचे हात धरून अलीकडे आलो, आणि रात्री ज्या माणसानं आम्हाला ओसरीवर झोपायला जागा दिली त्यानं चुलीपाशी बसवून एवढंच म्हटलं, “वाट बंद करतात ती तुमच्यासाठीच करतात, अस्वलासाठी न्हवं.” गाड्या तिसऱ्या दिवशी मिळाल्या. एकीच्या सीटखाली खेकडा होता.

पावसात त्या बाजूला जायचंच असेल तर कणकुंबीच्या माउलीच्या देवळापर्यंत जा. मलप्रभेचा उगम तिथंच. धुकं, ओली कौलं, देवळाच्या कट्ट्यावर शिदोरी. आणि चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन येणार असाल तर परतीच्या डिकीत बाटल्या ठेवू नका. तपासणी होते, आणि गोव्याची दारू परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं गुन्हा आहे. दरवर्षी कुणाचा तरी फोन नाक्यावरून येतोच.

आई-बाबा बरोबर आहेत. चढण नको.

सकाळी किल्ल्यात कमल बस्ती बघा. १२०४ सालचं जैन मंदिर, छतात दगडाचं कमळ उलटं उमललेलं. वर बघून मान दुखली की खाली बसा, थंड असतं. तिथंच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावला येऊन राहिले होते. दुपारनंतर खानापूरमार्गे हलशीला जा. कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ, दोन गाभारे समोरासमोर. पुजारी असतील तर दोन्ही दारं उघडून दाखवतात.

पाय चांगले असतील तर येळ्ळूरचा राजहंसगड. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते. संध्याकाळी जा, सकाळी नको. सूर्य मावळताना खाली सगळी भातशेती दिसते.

जत्रा-मिरवणुका आवडत नाहीत. शांत काही आहे का?

आहे, आणि ते फारसं कुणाला ठाऊक नाही. हिवाळ्यात रविवारी कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, बेळगुंदी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. गावाची, गावकऱ्यांच्या वर्गणीतून. अखिल भारतीय संमेलन बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० साली झालं, १९४६ च्या संमेलनात तर संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पण त्याची सय ठेवायचं काम ही खेडी दरवर्षी करतात.

सकाळी ग्रंथदिंडी. पालखीत ज्ञानेश्वरी-गाथा, पुढे लेझीम, नऊवारीतल्या बायका डोक्यावर कळस घेऊन, भजनी मंडळ. मग मंडपात अध्यक्षांचं भाषण. मागच्या रांगेत रोपलावणीनं हात राठ झालेले म्हातारे फेटा मांडीवर ठेवून ऐकत असतात आणि भाषण लांबलं तर खाकरून दाखवतात. दुपारी पंगत, मग कथाकथन, मग कविसंमेलन. कविसंमेलनाला थांबा. पुण्याच्या सभागृहात टाळ्या पडतात त्या ओळींवर इथं पडत नाहीत. ऊसबिलाच्या एका कडव्यावर मात्र अख्खा मंडप उठून उभा राहिलेला मी बघितलाय.

कुस्त्या बघायला बाहेरच्यांना येऊ देतात का?

देतात. येळ्ळूरला चांगळेश्वरीच्या यात्रेत जे कुस्त्यांचं मैदान होतं त्याला नावच ‘महाराष्ट्र मैदान’. उन्हं कलायला लागली की हलगी सुरू होते. लवकर जाऊन पुढं बसा. पहिल्या तासात लहान पोरांच्या कुस्त्या असतात, त्याच सगळ्यांत भारी.

रंग कधी खेळता?

यावरून गोंधळ होतो. बेळगाव शहरात होळीच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या शहापुरात पंचमीला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांकडे. संस्थान गेलं, रंगाचा दिवस राहिला. म्हणजे हुशार माणूस दोन्हीकडे खेळतो. शहरात पांगुळ गल्लीत धुळवडीच्या दिवशी अश्वत्थामाच्या देवळासमोर लोटांगणं असतात. रंगानं ओल्या झालेल्या रस्त्यावर नवसाची माणसं आडवी होऊन लोळत जातात, आजूबाजूचे त्यांच्यावर पाणी ओततात. तिथं रंग उडवताना जरा भान ठेवा, लोटांगणाची वाट मोकळी असू द्या.

दिवाळीत काय विशेष?

पोरांनी केलेले मातीचे किल्ले गल्लोगल्ली. ते बघायला संध्याकाळी पायी निघायचं, आणि किल्ला करणाऱ्या पोरानं माहिती सांगायला सुरुवात केली की शेवटपर्यंत ऐकायची. मध्ये निघून जाणं फार वाईट दिसतं.

पाडव्याला गवळी लोक म्हशी पळवतात. शिंगं घासून, तेल लावून रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळाला मोरपीस. पुढे सायलेन्सर काढलेली मोटरसायकल, आणि मालकाच्या हाकेवर तिच्यामागून धावणारी म्हैस. आवाजानं कानठळ्या बसतात. एवढं मोठं जनावर एवढ्या गर्दीतून कुणालाही न धडकता जातं, हे बघूनच पटेल. कडेला ओट्यावर उभे राहा.

थर्टी फर्स्टला?

कॅम्पात ‘ओल्ड मॅन’ बघा. गवत, जुने कपडे, पुठ्ठा यांचा माणूस करतात, आठवडाभर आधीपासून विकायलाही असतो, आणि रात्री बाराला जाळतात. कॅम्पातल्या ख्रिश्चन वस्तीतून आलेली चाल आता सगळ्या शहराची झालीय. आमच्या गल्लीतला ओल्ड मॅन दरवर्षी कुणाच्या तरी काकांसारखा दिसतो, हा योगायोग नाही.

बसनं यायचं की गाडीनं? खर्च किती?

शहरात राहणार असाल तर बस, खेड्यांत जाणार असाल तर गाडी. खर्चाचं म्हणाल तर खिसा रिकामा होतो तो खाण्यात आणि साड्यांत.

बसच्या तिकिटाची मात्र गंमत आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून इथला पत्ता असलेल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकिटाचे पैसे पडत नाहीत. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पण हद्दीपर्यंतच. आमच्या कोल्हापूरवासी मैत्रिणीनं लग्नानंतर आधारवरचा पत्ता बदलला. आता माहेरी येताना नाक्यापर्यंत हाफ आणि तिथून पुढे फुल. “ज्या गावात जन्मले तिथंच फुल तिकीट,” असं ती प्रत्येक फेरीला म्हणते. आम्ही पुरुष दोन्हीकडे फुल, त्यामुळे आमची सहानुभूती तिला फारशी मिळत नाही.

सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसेस बंद होतात, २०२५ च्या फेब्रुवारीत झाल्या होत्या. अशा वेळी निघण्याआधी एक फोन.

जाताना काय घेऊन जावं?

कुंदा, म्हणजे आमच्याकडची आटवलेल्या दुधाची मिठाई, सगळेच नेतात. न्या, तो टिकतो, प्रवासाला सोपा. पण खरी वस्तू मांडे. हातावर धोतरासारखी पसरलेली पोळी, पालथ्या खापरीवर भाजायची, आत पिठीसाखर, गरम असतानाच घडी घालायची. थंड झाली की कागदासारखी कडक. दुधात चुरून खातात. लग्नाच्या रुखवतात आणि सणासुदीला हमखास.

न्यायचे असतील तर मांडीवर घेऊन बसा. आमचा पुण्याचा दोस्त एकदा सहा मांडे सॅकमध्ये घालून, सॅक वरच्या रॅकवर ठेवून रात्रभर झोपला. सकाळी स्वारगेटला उघडून बघतो तर नुसता भुगा. त्याच्या रूमवर तो चमच्यानं खाल्ला, आठवडाभर, रोज दुधात. पुढच्या वेळी येताना त्यानं फोन करून सांगितलं, “मांडे मोडूनच द्या, जागा कमी लागते.”